एकाचे दोन कोटी आणि आमचा टायपिंगचा धंदा

सप्टेंबर २०२५ मध्ये चेक बाऊन्सवर सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल एका आठवड्यात आले, १९ तारखेला एक आणि २५ तारखेला दुसरा. टीव्हीवाल्यांनी फारसं विचारलं नाही, साहजिक आहे, त्यात ना मंत्री होता ना नट. पण सांगलीत विजयनगरला कोर्टाच्या आजूबाजूला जी झेरॉक्स-टायपिंगची गर्दी आहे ना, तिथं चहाबरोबर हेच दोन निकाल चघळले जातायत आणि अजून कुणाचं पोट भरलेलं नाही.

आधीच सांगतो, मी वकील नाही. माझं काम टायपिंगचं. वकील तोंडी सांगतात नाहीतर कच्चं लिहून देतात आणि आम्ही नोटीस, फिर्याद, अ‍ॅफिडेव्हिट टाईप करतो. चेक बाऊन्सच्या, म्हणजे कलम १३८च्या, नोटिशीचा मसुदा तर आता झोपेतही हातातून बाहेर पडेल एवढ्या वेळा टाईप केलाय. त्यामुळं जे लिहितोय ते टेबलाच्या या बाजूनं दिसलेलं आहे, कायद्याचा सल्ला म्हणून वाचू नका, सल्ल्याला वकील गाठा.

आता सांगलीत एवढे चेक कशाचे बाऊन्स होतात, तर द्राक्ष, बेदाणा, हळद, आणि मग राहिलेलं सगळं. यार्डात सौद्याला माल गेला तर निदान अडत्या मधे असतो, पट्टी असते, बाजार समिती असते, त्यामुळं रडतखडत का होईना पैसे सुटतात. खरी भानगड द्राक्षाची. व्यापारी बागेत येतो, चार किलोच्या पेटीचा दर ठरवतो, पहिल्या गाडीचे पैसे रोख, दुसरीचे लगेच खात्यावर, असा विश्वास बसला की पुढच्या गाड्या चेकवर, आणि बाग मोकळी झाली की व्यापाऱ्याचा फोन पण बंद. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, कुठंही विचारा. हंगाम उतरला की आमच्याकडं खताच्या दुकानाच्या पिशवीत घडी घातलेले चेक आणि ते परत आल्याचे बँकेचे मेमो घेऊन माणसं यायला लागतात.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं हे कलम १३८ मुळात १९८८ च्या दुरुस्तीनं आलं, लागू झालं १ एप्रिल १९८९ पासून. चेक न वटणं हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऐकायला भारी वाटतं. पण ह्या केसेस मरतात कशानं ते बघा. मोठमोठे वकील लिहितात ते गृहीतक (चेकवर सही आहे म्हणजे देणं होतं असं कोर्ट धरून चालतं ते), पुरावा, कायदेशीर देणं यावर, आणि ते महत्त्वाचं आहेच, नाही म्हणत नाही. पण आमच्या टेबलावरून गेलेल्या केसेसचं नंतर काय झालं हे वकिलांकडून कळत असतं ना, त्यात निम्म्याहून जास्त भानगडी आकडा, पत्ता आणि तारीख ह्या तीनच गोष्टींच्या असतात. आणि ह्या दोन निकालांत सुप्रीम कोर्ट नेमकं तिथंच उतरलंय, म्हणून मला ते आवडले. एक कडक आहे आणि एक सोयीचा आहे, तरीपण.

तारखेचं आधी उरकतो. चेक परत आल्याचं बँकेनं कळवलं की ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस पैसे द्यायला. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर कारण दाखवून माफी मिळू शकते, नोटिशीला झाला तर नाही मिळत. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो परत बँकेत टाकून नवा मेमो घेता येतो, पण लोक येतातच इतक्या उशिरा की ती वाट पण बंद झालेली असते. का उशीर, तर व्यापारी रोज म्हणत असतो, अण्णा सोमवारी टाकतो. सोमवार काय दर आठवड्याला येतोय.

आता आकडा. १९ सप्टेंबरचा निकाल कावेरी प्लास्टिक्सचा. तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आणि न्यायमूर्ती अंजारिया. चेक होता एक कोटीचा आणि नोटिशीत मागितले दोन कोटी. दिल्ली हायकोर्टानं केस रद्द केली, फिर्यादी कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि म्हणाली टायपिंग मिस्टेक झाली हो, चेकचा नंबर बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, समोरच्याला कळतंय की कुठल्या चेकबद्दल बोलतोय. कोर्ट म्हणालं चालणार नाही. कायद्यात 'सदर रक्कम' म्हणजे चेकची रक्कम, तीच नोटिशीत मागायची, दुसरा आकडा घातला तर नोटीस बाद, आणि टायपिंग मिस्टेक हा बचाव होऊ शकत नाही.

ह्यावर वकील मंडळींचे सरळ दोन तट पडले. एक म्हणतात तांत्रिक कारणावरून एक कोटीचा गुन्हेगार सुटला, नोटीस म्हणजे काय मंत्र आहे का की एक अक्षर चुकलं की फळ नाही. दुसरे म्हणतात फौजदारी कलम आहे, माणूस आत जाऊ शकतो, मग त्याला काय द्यायचं होतं ते अचूक सांगितलंच पाहिजे. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. आणि एक गोष्ट मला बोलायचीच होती, त्या केसमध्ये नोटिशी दोन गेल्या होत्या आणि दोन्हीत दोन कोटीच होते. एकदा हात घसरला समजू शकतो, दुसऱ्यांदा पण तिथंच घसरला? टायपिंग मिस्टेक हे कोर्टातलं सगळ्यात स्वस्त कारण झालंय, वकिलानं वाचलं नाही, पक्षकारानं आकडा फुगवून सांगितला, सही करताना कुणी बघितलं नाही, आणि बिल कुणाच्या नावावर, तर टायपिस्टच्या. (आमची काय संघटना नाही, नाहीतर निषेधाचं पत्रक काढलं असतं, ते पण आम्हालाच टाईप करावं लागलं असतं म्हणा.)

आकडा फुगतो कसा ते सांगतो. मणेराजुरीकडचे एक वयस्कर शेतकरी आले होते, चेक दोन लाख दहा हजारांचा, मेमोवर 'फंड्स इनसफिशियंट'. वकीलसाहेब आत कोर्टात अडकलेले, म्हणून ते मलाच सांगत बसले.

"दादा, अडीच लाख घाला."

म्हटलं, अण्णा चेक दोन दहाचा आहे.

"व्हय की, पर औषधवाल्याचं व्याज कोण भरणार? सोसायटी थकली ती निराळीच. हेलपाटं किती झालं. अडीचच घाला, तवा कुठं दोन तरी हातात येत्याल."

बाजारातला हिशोब म्हणून त्यांचं बरोबर आहे, तीस सांगितल्याशिवाय वीस मिळत नाहीत. पण नोटीस म्हणजे घासाघीस नव्हे, हे त्यांना पटवताना वकीलसाहेबांचा पण घसा बसला. व्याज, नोटीस खर्च मागायचाच नाही असं नाही हां. २००० साली सुप्रीम कोर्टानंच सांगून ठेवलंय की चेकची रक्कम स्वतंत्र, स्पष्ट लिहा आणि व्याज-खर्च वेगळे दाखवा, तर नोटीस टिकते. म्हणजे एका ओळीत 'चेकची रक्कम रुपये २,१०,००० फक्त' आणि बाकीचं वेगळ्या परिच्छेदात. सगळं एकत्र कालवून 'एकूण अडीच लाख द्या' असं लिहिलं की गेलं. शेवटी तसंच केलं. अण्णांनी अक्षरी रक्कम बोट ठेवून वाचली, 'फक्त' शब्दावर थांबले आणि म्हणाले, "ह्यो फक्त कशाला? मला काय फक्त हाय व्हय ते?" आता ह्याला काय उत्तर देणार.

बरं नोटीस बाद झाली म्हणजे पैसे बुडाले असंही नाही, मुदतीत दिवाणी दावा लावता येतो. पण त्याला कोर्ट फी भरावी लागते आणि समोरच्याला जेलची भीती नसते, त्यामुळं तिकडं कुणी आनंदानं जात नाही.

आता पत्ता, म्हणजे २५ सप्टेंबरचा निकाल. न्यायमूर्ती मनमोहन आणि परत न्यायमूर्ती अंजारियाच. केस गोव्यातली, चेक ६ लाखांचा. खालच्या दोन्ही कोर्टांनी आरोपीला दोषी धरलं, २००९ साली हायकोर्टानं सोडलं, आणि २०२५ साली सुप्रीम कोर्टानं परत दोषी ठरवलं आणि सांगितलं साडेसात लाख भर, पन्नास हजाराच्या पंधरा हप्त्यांत. सोळा वर्षं मधे गेली ती कुणाच्या खात्यावर टाकायची माहीत नाही. आरोपीचा बचाव असा होता की फिर्यादीची ऐपतच नव्हती एवढे पैसे द्यायची, आणि कोरा सही केलेला चेक मी त्याला बँकेचं कर्ज मिळावं म्हणून दिला होता. कोर्टानं हे अजिबात मनावर घेतलं नाही. नोटिशीला उत्तर पण दिलं नव्हतं, ते पण अंगाशी आलं.

पण ह्या निकालाचं खरं वजन शेवटच्या पानांत आहे. कोर्टानं आकडेवारी काढली तर चेक बाऊन्सच्या केसेस एकट्या दिल्लीत साडेसहा लाखांच्या वर तुंबलेल्या, मुंबईत लाखाच्या वर, कोलकात्यात अडीच लाखांच्या वर. आणि तुंबतात कुठं, तर समन्सला. हे वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण हे आम्हाला इथं रोज दिसतंय. केस दाखल झाली, समन्स निघालं, ते परराज्यातल्या पोलीस स्टेशनला गेलं, महिन्यांनी परत आलं, शेरा काय, तर 'सदर इसम पत्त्यावर राहत नाही'. परत नवीन तारीख. शेतकरी एका दिवसाची मजुरी बुडवून येणार, बाकड्यावर बसणार, तारीख घेऊन जाणार. समोरच्यानं काहीच करायचं नाही, नुसतं सापडायचं नाही, एवढंच.

तर आता कोर्टानं सांगितलंय की समन्स फक्त सरकारी यंत्रणेवर सोडू नका, फिर्यादीच्या हातात दस्ती पण द्या, तो स्वतः बजावेल आणि तसं अ‍ॅफिडेव्हिट देईल, खोटं दिलं तर कारवाई. शिवाय ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप अशी इलेक्ट्रॉनिक बजावणी, त्यासाठी फिर्यादीनंच आरोपीचा नंबर आणि ईमेल अ‍ॅफिडेव्हिटवर द्यायचा. जिल्हा कोर्टांनी क्यूआर कोड, यूपीआयची सोय करायची आणि समन्समध्येच लिहायचं की बाबा इथं चेकची रक्कम भर म्हणजे विषय मिटेल. फिर्यादीच्या सुरुवातीला एक ठरलेल्या नमुन्यातला गोषवारा जोडायचा, चेक नंबर, तारीख, रक्कम, मेमो, नोटीस, सगळं एका नजरेत. अंमलबजावणीला १ नोव्हेंबर २०२५ ची मुदत दिली होती.

आणखी एक मोठा घोळ मिटवला. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले, त्यात बीएनएसएसचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम २२३, की खासगी फिर्यादीची दखल घ्यायच्या आधीच आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची. मग काही कोर्टं १३८ मध्ये पण आधी आरोपीला नोटीस काढायला लागली. म्हणजे जिथं एक समन्स बजावता बजावता नाकी नऊ येतात तिथं आधी आणखी एक नोटीस बजावा! कर्नाटक हायकोर्टानं म्हटलेलं की चेकच्या केसला हे लागू नाही, आता सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला.

व्हॉट्सअ‍ॅप समन्सबद्दल मात्र माझी शंका आहे ती आहे. द्राक्षाचा व्यापारी हंगामापुरतं सिमकार्ड वापरतो हो. ब्ल्यू टिक बंद. ईमेल विचारलं तर शेतकरी माझ्याकडं बघतो, जणू मी व्यापाऱ्याची जन्मपत्रिका मागितली. आणि दस्ती घेऊन जायचं म्हणजे कुठं जायचं, दिल्लीच्या मंडईत गाळा नंबर शोधत? म्हणजे हा निकाल चालणार तो गावातल्या, जिल्ह्यातल्या आरोपीवर जास्त आणि बाहेरच्यावर कमी. तरी पहिल्या दिवशीच आधार कार्ड, जीएसटी नंबर, गाडीच्या बिल्टीची (माल भरल्याच्या पावतीची) कॉपी, दुकानाच्या बोर्डाचा फोटो एवढं मोबाईलमध्ये घेऊन ठेवलं तर पुढं फार फरक पडतो. माल देताना कुणी मागत नाही, मागायला लाज वाटते, पाहुणचार करून पाठवतात उलट.

नोटिशीच्या पत्त्याचं मात्र तेवढं अवघड नाही. बरोबर पत्त्यावर पोस्टानं पाठवली आणि 'अनक्लेम्ड' किंवा 'डोअर लॉक' असा शेरा मारून परत आली तरी ती मिळाली असं धरता येतं, आणि मला नोटीसच मिळाली नाही म्हणणाऱ्याला सुप्रीम कोर्टानं २००७ सालीच सांगितलंय की मग समन्स मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे भरायचे होतेस की. पोस्टाचं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळं जुने वकील मसुद्यात 'आरपीएडी' (पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट) लिहायला सांगतात आणि तरणे वकील 'स्पीड पोस्ट' लिहायला सांगतात, आम्ही दोन्ही लिहितो आणि गप्प बसतो. पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट मात्र त्याच आठवड्यात काढून ठेवायचा, नंतर ऑनलाईन सापडत नाही.

आणि केस लावायला दिल्लीला जायची गरज नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१४ ला निकाल आला होता की चेक देणाऱ्याची बँक जिथं तिथंच केस, तेव्हा इथल्या लोकांचं कंबरडंच मोडलं होतं. २०१५ ला कायद्यात दुरुस्ती झाली, आता तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट.

तडजोडीचं गणित पण बदललंय. केस मिटवताना आरोपीनं वर किती भरायचं ह्याचे २०१० च्या निकालानं दर ठरवलेले, सुरुवातीला मिटवलं तर काही नाही, नंतर मॅजिस्ट्रेटकडं चेकच्या १० टक्के, सेशन किंवा हायकोर्टात १५, सुप्रीम कोर्टात २०. आता गोव्याच्या निकालानं आरोपीचा बचावाचा पुरावा सुरू व्हायच्या आधी मिटवलं तर शून्य, त्यानंतर पण निकालाआधी ५ टक्के, सेशन-हायकोर्टात साडेसात, सुप्रीम कोर्टात १०. काही वकील म्हणतात दर कमी केले म्हणजे लोक आणखी रेंगाळतील, शेवटपर्यंत पुरावा होऊ देतील आणि मग फुकटात मिटवतील. मला ह्यात तथ्य वाटतं. क्यूआर कोड ठेवला म्हणून पैसे भरायची इच्छा थोडीच होते.

कोल्हापूरचा उल्लेख केल्याशिवाय सांगलीतला माणूस कोर्टाबद्दल बोलूच शकत नाही सध्या. १७ ऑगस्ट २०२५ ला तिथं मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, १८ पासून काम सुरू, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. चाळीसेक वर्षं वकिलांनी ह्यासाठी आंदोलनं केली. आधी हायकोर्ट म्हणजे रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसटी, तिथं आंघोळीची सोय शोधा, दिवसभर बसा, बोर्डावर नंबर आला नाही की रात्री परत महालक्ष्मी. आता सकाळी गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला माणूस परत. पण चेकवाल्यांसाठी ह्याच्याही आधी, ८ एप्रिल २०२५ ला, एक निकाल आला होता त्याची कुणी एवढी दखल घेतली नाही. आरोपी सुटला तर फिर्यादीला आधी हायकोर्टाची खास परवानगी काढून तिथंच अपील करावं लागायचं. आता सुप्रीम कोर्ट म्हणालं की चेक बाऊन्सचा फिर्यादी हा 'पीडित' आहे, त्यामुळं त्याला पीडित म्हणून थेट अपील करता येईल, म्हणजे मॅजिस्ट्रेटनं आरोपीला सोडलं तर त्याच आवारात वरच्या मजल्यावर सेशन कोर्टात. दोन-तीन लाखांच्या चेकसाठी मुंबई काय आणि कोल्हापूर काय, कोण जात होतं? विजयनगरमध्येच अपील होणार असेल तर माणूस करेल.

आता जे मला खरं खटकतंय ते. गोव्याचा निकाल आला तेव्हा आमच्या इथं सगळे खूश, शेतकऱ्यांना न्याय मिळणार म्हणून. अहो पण आमच्या टेबलावर १३८ मध्ये शेतकरी फिर्यादी जेवढा येतो तेवढाच आरोपी म्हणून पण येतो. पतसंस्था कर्ज देताना कोरे चेक सह्या करून घेते, औषध-खताची उधारी चेक ठेवून मिळते, खासगी सावकाराचं तर बोलायलाच नको. ह्या सगळ्यांच्या हातात तोच निकाल आहे, आणि क्यूआर कोडवाला समन्स पहिल्यांदा ह्याच माणसाच्या दारात पडणार कारण तो पत्त्यावर राहतो, पळून कुठं जाणार, बाग इथं आहे. २०१९ लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कोरा चेक राजीखुशीनं सही करून दिला असेल तरी कायद्याचं गृहीतक लागू होतं, आकडा दुसऱ्यानं भरला म्हणून सुटका नाही, देणं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. आणि हातउसन्यांचं काय, तर केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये म्हटलेलं की इन्कम टॅक्सच्या कलम २६९एसएस विरुद्ध वीस हजारांच्या वर रोख दिले असतील तर ते कायदेशीर देणंच नाही. सुप्रीम कोर्टानं गोव्याच्याच निकालात ते खोडलं, रोख दिलं म्हणून दंड होईल तो इन्कम टॅक्सचा, देणं काही नाहीसं होत नाही. तत्त्व म्हणून बरोबर असेल, हातउसने देणारे सगळेच काही सावकार नसतात. पण रोखीनं धंदा करणाऱ्या सावकाराला ह्यानं केवढं बळ मिळालं हे इथं येऊन बघा.

अशा माणसाला एक पळवाट नाही, हक्काचा मुद्दा आहे, तो २०२२ च्या निकालातला. चेक दिल्यानंतर काही पैसे परत केले असतील आणि समोरच्यानं ते वजा न करता पूर्ण रकमेचा चेक बँकेत टाकला, तर तो गुन्हा होत नाही. फक्त पैसे परत केल्याचं दाखवता आलं पाहिजे. इथंच घोडं अडतं, कारण दिलेले असतात रोख, टप्प्याटप्प्यानं, पावती कुणी मागितलेली नसते, 'वहीत लिहून घे' म्हटलेलं असतं आणि वही असते त्याच्याकडं. यूपीआयनं दिलेले मात्र निघतात, गेल्या महिन्यात एकाचं असंच स्टेटमेंट काढलं, पन्नास-पन्नास हजाराच्या एंट्र्या, त्यावर उत्तराची नोटीस तयार झाली, आणि वकिलांनी चेकच्या रकमेतून एंट्र्या वजा करून दिलेला आकडा मी टाईप करायच्या आधी कॅल्क्युलेटरवर परत एकदा मारून बघितला. जुळला.